"किती स्टार?" - मुलांना मदत करायला, बरंवाईट ओळखायला नक्की कोण शिकवतं?

चिंचबोर

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, कारण रविवारपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये.

मला दोन मुलगे. मोठा सव्वासहा वर्षांचा, धाकटा नुकताच दीड वर्षाचा झाला. रविवारी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, हातात ओली डबलबेडची चादर, तेवढ्यात चिमटा खाली पडला. मी काही बोललेसुद्धा नाही, नुसतं "अरे" निघालं तोंडातून. तर धाकटा आतून दुडुदुडु आला, खाली बसला, चिमटा दोन्ही हातांनी उचलला आणि चवड्यांवर उभं राहून माझ्याकडे धरला. मी घेतला तर लगेच टोपलीतला दुसरा काढून दिला, मग तिसरा, मग थांबेचना. मोठा तिथेच दारात बसून चित्र रंगवत होता. त्याला म्हटलं, राजा, चादरीचं ते टोक जरा धर रे, फरशीला लागतंय. मान वर न करता त्याने विचारलं, "किती स्टार?"

मला फार लागलं ते. रागावले नाही, चादर तशीच दोरीवर टाकली आणि आत येऊन बसले.

सांगायचं म्हणजे स्टारचा तक्ता मीच लावला होता फ्रिजवर. त्याच्या शाळेतल्या पालकसभेत ही आयडिया कळली, चांगलं काम केलं की एक स्टार, २० स्टार झाले की रिमोटची गाडी. पहिले दोन आठवडे मी सगळ्यांना कौतुकाने सांगत होते, ताट उचलतोय, आजीला चष्मा आणून देतोय, भावाला खेळणं देतोय. आता आजीने पाणी मागितलं तरी आधी तक्त्याकडे बघतो. सध्या १४ स्टार झालेत.

तर प्रश्न असा की हे मी बिघडवलं की हे वयच असं असतं? आणि मुळात मुलांना दुसऱ्याचं भलं करावंसं वाटणं, हे बरोबर ते चूक असं कळणं, हे येतं कुठून? सांगून, बघून, गोष्टींतून, की धाकाने? अनुभव लिहा, ज्यांनी अभ्यास केलाय त्यांनीही लिहा.

निरीक्षक

चिंचबोर, तुमचा गॅलरीतला प्रसंग वाचून अंगावर काटा आला, कारण हुबेहूब हाच प्रयोग झालेला आहे. चिमट्यासकट.

मी बालविकास विषयात एमए केलं, त्यामुळे थोडं लांबण लावतो. जर्मनीत लाइपझिगला माक्स प्लांक संस्थेत फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या दोघांनी २००६ साली दीड वर्षाच्या २४ मुलांवर हे करून बघितलं. अनोळखी माणूस दोरीवर कपडे घालतोय, त्याच्या हातून चिमटा पडतो, तो हात लांबवतो पण पोचत नाही. किंवा हातात मासिकांचा गठ्ठा घेऊन कपाटाच्या बंद दाराला धडकतो. कुणी मुलांना "मदत कर" म्हणत नाही, आई बाजूला गप्प बसलेली. २४ पैकी २२ मुलांनी एकदा तरी जाऊन मदत केली, आणि बहुतेक वेळा पहिल्या दहा सेकंदांतच, म्हणजे त्या माणसाने मुलाकडे नीट बघायच्याही आधी. यातली खरी गंमत पुढे आहे. त्याच माणसाने चिमटा मुद्दाम खाली टाकला तर मुलं सहसा उचलायला जात नव्हती. म्हणजे नुसतं "पडलं की उचल" असं नाही, तर या माणसाला ते हवंय आणि मिळत नाहीये एवढं त्या दीड वर्षाच्या जिवाला कळत होतं.

आता तुमच्या तक्त्याबद्दल. याच दोघांनी २००८ मध्ये वीस महिन्यांच्या मुलांचे तीन गट केले. मदत केली की एका गटाला बक्षीस, त्यांना आवडणाऱ्या खेळण्यात टाकायचा ठोकळा. दुसऱ्या गटाला नुसती शाबासकी. तिसऱ्याला काहीच नाही. मग पुढच्या फेरीत कुणालाच काही दिलं नाही. बक्षीस मिळालेली मुलं आता कमी मदत करायला लागली होती, बाकीचे दोन्ही गट आधीसारखेच.

म्हणजे मूल मदत करत होतं कारण समोरच्याला गरज होती, आपण मधे ठोकळा आणला आणि त्याचं कारणच बदलून टाकलं. मला हा प्रयोग वाचल्यापासून माझ्या घरातल्या "हे केलंस तर ते देईन" या वाक्याची भीती वाटते.

अनघा_पुणे

बाप रे. आमच्याकडे तर पैसे देतात आजोबा, पाय चेपले की दहा रुपये. वाचनखूण साठवली आहे.

विदाप्रेमी

निरीक्षक यांचा प्रतिसाद आवडला, पण वीस महिन्यांच्या मुलांवरून सव्वासहा वर्षांच्या मुलाबद्दल थेट निष्कर्ष काढू नये असं मला वाटतं. या क्षेत्रात एखाद्या छान प्रयोगावर भलतीच मोठी इमारत उभी राहते आणि मग पाया हलतो.

येल विद्यापीठात २००७ साली हॅमलिन, विन आणि ब्लूम यांनी सहा आणि दहा महिन्यांच्या बाळांना एक छोटा खेळ दाखवला, डोळे लावलेला एक लाकडी ठोकळा टेकडी चढतोय, दुसरा त्याला मागून ढकलून मदत करतो, तिसरा वरून येऊन खाली ढकलतो. मग बाळापुढे मदतवाला आणि आडवणारा दोन्ही धरले, जवळजवळ सगळ्या बाळांनी मदतवाल्याकडे हात नेला. जगभर बोभाटा झाला की नीती उपजतच असते. पुढे वेगवेगळ्या देशांतल्या ३७ प्रयोगशाळांनी मिळून तोच प्रकार, खेळ थोडा बदलून, कितीतरी जास्त बाळांवर केला, २०२४ मध्ये निष्कर्ष आले, तर निवड साधारण निम्मी निम्मी. नाणं उडवल्यासारखी.

याचा अर्थ बाळांना काहीच कळत नाही असा नाही, पण "जन्मतःच कळतं" असं छातीठोक सांगू नये एवढाच. चिमट्याच्या प्रयोगाचा पाया मला जास्त पक्का वाटतो, कारण तिथे मूल स्वतः उठून काहीतरी करतं, नुसतं दोनपैकी एकाला हात लावत नाही.

ओसरी

मी ७१ वर्षांची. नातीने टाइप करून दिलंय, चुकलं माकलं समजून घ्या.

आमच्या लहानपणी मदत हा शब्द नव्हताच गं बाई. काम होतं. आम्ही सहा भावंडं, माझ्या काखेला कायम धाकटी बहीण, तिला घेऊनच मी लंगडी सोडून सगळे खेळ खेळलेय. ती रडायला लागली की भूक लागलीय का झोप आलीय का पोटात दुखतंय हे मला आठव्या वर्षी आवाजावरून कळायचं. कुणी शिकवलं नाही. आई शेतावर, मग कळून घ्यावंच लागायचं. गाय व्यायली की रात्री कंदील धरून उभं राहायचं, तेही आमचंच काम. त्याचे कुणी गुण मांडले नाहीत आणि शाबासकीही नाही, पण संध्याकाळी आई आल्यावर "आज तू होतीस म्हणून निभावलं" असं कधीतरी म्हणायची, ते अजून कानात आहे.

फार गोडवे गाणार नाही मी. त्या काखेतल्या पोरीपायी माझी शाळा चौथीत सुटली आणि भावांची नाही सुटली. पण आत्ताच्या मुलांच्या हाताला घरात कामच नाही, मग दुसऱ्याची गरज त्यांना दिसणार कुठून? चिंचबोर, तुझ्या मोठ्याला धाकट्याचं एखादं खरंखुरं काम दे. खोटं खोटं नको. त्याने नाही केलं तर अडेल असं दे.

निरीक्षक

ओसरी आजी, तुम्ही जे लिहिलंत त्यावर एक अख्खं मोठं संशोधन उभं आहे. बीट्रिस आणि जॉन व्हायटिंग या जोडप्याने १९५० च्या दशकात सहा ठिकाणच्या मुलांच्या वागण्याच्या नोंदी करवल्या, केनिया, मेक्सिको, फिलिपिन्स, ओकिनावा, अमेरिका आणि आपल्या उत्तर प्रदेशातलं एक राजपूत वस्तीचं गाव. १९७५ मध्ये सगळं पुस्तकरूपाने आलं. दुसऱ्याची काळजी घेणं, आपणहून मदत करणं यात केनिया, मेक्सिको आणि फिलिपिन्सची मुलं पुढे, आणि अमेरिका, ओकिनावा आणि आपलं ते गाव मागे. त्यांना कारण दिसलं ते असं की पुढे असलेल्या ठिकाणी आयांवर कामाचा बोजा जास्त, त्यामुळे तान्ही भावंडं, गुरं, पाणी, सरपण हे मुलांच्या अंगावर. आपली संस्कृतीच मुळात त्यागाची वगैरे म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं, इथे संस्कृतीपेक्षा कामाची वाटणी जास्त बोलत होती.

आणि शाळा फक्त तुमची सुटली, त्याबद्दल. केनियातच लुओ समाजात कॅरल एंबर यांनी १९७३ मध्ये एक अभ्यास मांडला. ज्या घरात मुलगी हाताशी नव्हती तिथे मुलग्यांना "बायकांची" म्हणून ठरलेली घरातली कामं करावी लागत. असे मुलगे बाकीच्या मुलग्यांपेक्षा कमी दांडगट आणि जास्त मदत करणारे दिसले. मुलग्यांच्या आयांनी हे फ्रिजवर लावावं, तक्त्याच्या जागी.

पाटीपेन्सिल

मी माण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत आहे. पहिली ते चौथी एकाच व्हरांड्यात, त्यामुळे सहा वर्षांचं डोकं आणि दहा वर्षांचं डोकं शेजारी शेजारी बघायला मिळतं. मुलांची विचारशक्ती कशी वाढते याचा अभ्यास करणारा मानसशास्त्रज्ञ पियाजे, डीएडला तो परीक्षेपुरता पाठ केला होता, इथे आल्यावर तो खरा कळला.

त्याची कपांची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल, १९३२ च्या पुस्तकातली. एक मुलगा जेवायला बोलावलं म्हणून दार ढकलून आत येतो, दारामागे खुर्चीवर ट्रे आहे हे त्याला माहीत नसतं, १५ कप फुटतात. दुसरा आई घरात नसताना वरच्या फळीवरचा जॅम चोरून काढायला जातो आणि एक कप फुटतो. जास्त वाईट कोण? मी जॅमच्या जागी बेसनाचे लाडू घातले आणि कपांच्या जागी काचेचे ग्लास, आणि एका शनिवारी सकाळच्या शाळेत सगळ्यांना विचारलं.

पहिलीतली एक मुलगी तडक म्हणाली, "पंधरावाला. त्याच्या आईला पंधरा परत आणाय लागतील." तिच्या वयाच्या बहुतेकांनी माना हलवल्या. चौथीतला एक उठून म्हणाला, "आगं पण त्याला काय ठावं दारामागं काय हाय ते." मग ती पहिलीतली गप्प झाली, पाटीवर बोट फिरवत बसली, आणि मला वाटलं विषय संपला. पाच मिनिटांनी मी हजेरी भरत होते तर माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बाई, मग त्यानं दार हळू उघडायचं." मी पेन खाली ठेवलं. ती अजून ग्लासच मोजत होती, पण आता त्यात त्या मुलाला काय करता आलं असतं हेही शिरलं होतं. हे असं आत काहीतरी सरकताना बघायला मिळणं यासाठी मी ही नोकरी करते.

पियाजेने स्वित्झर्लंडमधल्या मुलांबरोबर गोट्यांच्या खेळावरून पण बरंच शोधलं. लहान मुलांना नियम म्हणजे मोठ्यांकडून किंवा देवाकडून आलेली न बदलणारी गोष्ट वाटते, आणि तरी खेळताना ती हवं तसंच खेळतात. मोठी झाल्यावर कळतं की नियम आपणच सगळ्यांनी मिळून ठरवलेत, सगळे हो म्हणाले तर बदलता येतात. त्याचं म्हणणं असं की हे मोठी माणसं शिकवत नाहीत, बरोबरीच्या मुलांशी भांडता भांडता, वाद घालता घालता येतं. यावर माझा शंभर टक्के विश्वास आहे आणि त्याचं कारण आपला कच्चा लिंबू.

विचार करा ना. धावताना सारखा बाद होणारा एक बारका आहे. त्याला सगळ्यांसारखाच नियम लावला तर तो रडत घरी जाणार, आणि घ्यायचंच नाही म्हटलं तर बहीण पण खेळ सोडून त्याच्याबरोबर जाणार. मग मुलं ठरवतात की हा कच्चा लिंबू, याच्यावर राज्य येणार नाही. कुठल्या बाईंनी किंवा सरांनी हा नियम केलेला नाही. सगळ्यांना सारखं म्हणजेच न्याय नाही, ज्याला कमी जमतं त्याला थोडी सूट म्हणजे न्याय, ही फार पुढची समज आहे, आणि ती माझ्या व्हरांड्यासमोरच्या मातीत रोज दिसते. परवा तर दुसरीतला एक लिंबू स्वतःच म्हणाला की मी आता पक्का, मला धरा. लगेच धरला गेला आणि राज्य आल्यावर काय खूश झाला म्हणून सांगू.

म्हणून सगळ्या आईबाबांना एकच विनंती, मुलांची भांडणं दोन मिनिटांत जाऊन मिटवू नका. मारामारी होत नसेल तर थोडं लांबून बघा.

तळ्यातमळ्यात

पाटीपेन्सिल ताई, काय सुंदर लिहिलंय. पहिलीतल्या त्या पोरीला माझ्याकडून एक पापा.

अनघा_पुणे

मग धाक अजिबात नकोच का? आमच्या पिढीला फटके पडलेच की, आणि आम्ही काही वाईट निघालो नाही. खरंच विचारतेय.

पाटीपेन्सिल

अनघा, मी एकदा मुलांना विचारलं होतं, मी सांगितलं की उद्यापासून गणवेश नको, तर चालेल का? सगळे "होऽऽ". मग विचारलं, मी सांगितलं की शेजारच्याला पाटीने मारलं तरी चालेल, तर? एकदम शांतता. मग एकजण म्हणाला, "नाही बाई, त्याला लागंल की." अमेरिकेत एलियट ट्युरिअल आणि ज्युडिथ स्मेताना यांनी बालवाडीच्या मुलांना असेच प्रश्न विचारले आहेत, तीन-चार वर्षांच्या मुलांनाही यातला फरक बऱ्यापैकी कळतो. एक नियम बाईंनी केला म्हणून आहे, दुसरा समोरच्याला दुखतं म्हणून आहे. धाकाने पहिल्या प्रकारचे नियम पाळले जातात. दुसऱ्या प्रकाराला धाक लावला तर मूल समोरच्याच्या दुखण्याकडे बघायचं सोडून माझ्या हातातल्या पट्टीकडे बघायला लागतं. आणि पट्टी नसली की?

निरीक्षक

हेच मार्टिन हॉफमन या मानसशास्त्रज्ञांनी मांडलंय. मूल चुकलं की आईबाप तीनपैकी काहीतरी करतात. जोर वापरतात, म्हणजे मारणं, ओरडणं, वस्तू काढून घेणं. किंवा प्रेम मागे घेतात, "जा, मी बोलणार नाही तुझ्याशी". किंवा समजावतात, पण उपदेश नव्हे हां, तुझ्या वागण्याने त्याला काय झालं ते दाखवून देतात. "बघ, तू ढकललंस ना, त्याचा गुडघा खरचटलाय, त्याला झोंबतंय." तिसरी पद्धत ज्या घरांत जास्त, त्या घरांतल्या मुलांना दुसऱ्याबद्दल जास्त वाटतं असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. अमेरिकेत झान-वॉक्सलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये दीड ते अडीच वर्षांच्या मुलांच्या आयांनाच नोंदी करायला शिकवलं होतं, त्यात पण आईने अशा वेळी जीव तोडून, मनापासून सांगितलं तर मुलं आपणहून जवळ जाऊन काहीतरी भरपाई करताना दिसली. थंडपणे दिलेलं स्पष्टीकरण तेवढं उपयोगी पडत नव्हतं.

त्यामुळे "सॉरी म्हण, सॉरी म्हण आधी" यात काही अर्थ नाही. मूल खाली बघत सॉरी पुटपुटतं आणि सुटतं, पडलेल्या मुलाकडे बघायचं राहूनच जातं.

दूरदेशी

कॅनडातून लिहितोय. वाटून घेण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून. माझी लेक साडेचारची आहे, "शेअर करायचं असतं ना?" विचारलं की हो म्हणते आणि क्रेयॉनचा डबा पोटाशी घट्ट धरते. मला वाटायचं हिच्यावर आमचे संस्कार कमी पडले, मग वाचलं की हे जवळपास सगळ्यांचंच आहे. २०१३ मध्ये स्मिथ, ब्लेक आणि हॅरिस यांनी तीन ते आठ वर्षांच्या मुलांना स्टिकर दिले, सगळ्याच वयाची मुलं म्हणत होती की अर्धे अर्धे वाटायला हवेत, पण प्रत्यक्षात तसं वाटणारी सात-आठ वर्षांची. आणि लहान मुलांना विचारलं की तू किती देशील, तर त्यांनी आधीच खरं सांगितलं की मी कमी देईन! स्वित्झर्लंडमध्ये फेर वगैरेंनी २००८ साली २२९ मुलांना गोळ्या वाटायला लावल्या, तिथेही तीन-चारची बहुतेक स्वतःकडे ओढणारी आणि सात-आठची बरीच जण समान वाटणारी. म्हणजे चिंचबोर, तुमचा सव्वासहाचा अगदी उंबरठ्यावर आहे.

पण हे सगळीकडे सारखं नाही. ब्लेक आणि मॅकऑलिफ यांचा २०१५ चा सात देशांतला अभ्यास आहे, त्यात भारत पण होता. दोन मुलं समोरासमोर, वाटणी मान्य नसेल तर एकजण दोघांचाही खाऊ रद्द करू शकतो. दुसऱ्याला जास्त मिळतंय म्हणून रद्द करणं सातही देशांत दिसलं. पण "मला जास्त मिळतंय, हे बरोबर नाही" म्हणून रद्द करणं फक्त कॅनडा, अमेरिका आणि युगांडाच्या मोठ्या मुलांत. पहिलं वाचून हसलो, दुसरं वाचून बराच वेळ विचार करत राहिलो, की आपल्याला मुलांना नक्की काय दाखवायचंय.

गोष्टींबद्दल पण सांगतो, मूळ धाग्यात विचारलंय म्हणून. कांग ली आणि मंडळींनी २०१४ मध्ये मुलांना गोष्टी सांगून मग खोटं बोलतात का ते बघितलं. लांडगा आला रे आला सांगून खोटं बोलणं काही कमी झालं नाही. ज्या गोष्टीत मुलगा खरं बोलतो आणि वडील त्याला जवळ घेतात, ती ऐकलेली मुलं जास्त खरं बोलली. आम्ही आयुष्यभर लांडग्याचीच सांगत आलो.

तळ्यातमळ्यात

मोठ्या मुलांबद्दल पण लिहिते. माझी लेक आठवीत. मागच्या महिन्यात युनिट टेस्टला तिच्या मैत्रिणीने चिठ्ठी नेली, हिने बघितलं. नंतर बाईंनी वर्गात विचारलं, कुणाला काही माहीत आहे का, ही गप्प बसली. घरी येऊन जेवली नाही. तिचे बाबा म्हणाले, खरं सांगायला हवं होतंस, नियम म्हणजे नियम. ती म्हणाली, "बाबा, तिला कमी मार्क पडले की काय होतं ते मला माहीतेय, तुम्हाला नाही. पण बाकीच्या सगळ्यांनी अभ्यास केला होता, त्यांचं काय, हे पण मला कळतंय." आणि रडायला लागली.

कॉलेजला मानसशास्त्र होतं मला, तेव्हा कोलबर्ग शिकलो होतो, बरोबर-चूक ठरवायची समज वयाबरोबर कशी वाढते हे शोधणारा मानसशास्त्रज्ञ, त्याचा १९५८ चा शिकागोचा प्रबंध, ७२ मुलगे. बायको मरणाला टेकलीय, औषधवाला परवडणार नाही एवढी किंमत सांगतोय, तर हाइन्झ नावाच्या त्या नवऱ्याने औषध चोरावं का, अशी गोष्ट सांगून तो विचारायचा. चोरावं की नको याला महत्त्व नाही, का याला आहे. शिक्षेच्या भीतीपासून सुरू होऊन, लोक काय म्हणतील, कायदा काय म्हणतो, असं करत माणूस तत्त्वापर्यंत चढतो, अशा सहा पायऱ्या. मग कॅरल गिलिगन यांनी १९८२ मध्ये विचारलं की सगळे मुलगेच घेऊन पायऱ्या बांधल्यात, ज्या मुली "कुणाला कमीत कमी दुखेल" असा विचार करतात त्या खालच्या पायरीवर का? माझ्या लेकीच्या त्या एका वाक्यात मला दोघंही ऐकू आले. मी तिला उत्तर दिलं नाही. नुसती जवळ बसले. दुसऱ्या दिवशी ती मैत्रिणीशी जाऊन बोलली, काय बोलली ते मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

विदाप्रेमी

लेकीला सलाम. फक्त एक भर, मुलगे न्यायाचा विचार करतात आणि मुली काळजीचा, असा सरळ भेद पुढच्या अभ्यासांत टिकला नाही. जाफी आणि हाइड यांनी २००० मध्ये सगळे अभ्यास एकत्र मांडले, फरक अगदी थोडा निघाला. तुमच्या लेकीसारखं दोन्ही एकत्र असणं हेच जास्त खरं.

चिंचबोर

सगळ्यांचे मनापासून आभार, प्रत्येक प्रतिसाद दोन दोनदा वाचला. काल रात्री तक्ता काढला. आणि आज सकाळी नवीनच प्रश्न उभा राहिला. मोठ्याने फ्रिजवर तक्ता नाही हे बघितलं, माझ्याकडे आला, रडला वगैरे नाही, शांतपणे म्हणाला, "माझे चौदा झाले होते. वीस झाल्यावर गाडी देणार असं तू कबूल केलं होतंस." सासूबाई म्हणतात लक्ष देऊ नको, विसरेल. मला काही सुचेना. गाडी दिली तर परत तेच, नाही दिली तर?

कलिंग

द्या. माझं ऐका, द्या.

मी कामानिमित्त नऊ वर्षं भुवनेश्वरला आहे, घर जुन्या भागात, लिंगराज मंदिराच्या बाजूला. याच परिसरात रिचर्ड श्वेडर, मनमोहन महापात्र आणि जोन मिलर यांनी केलेला अभ्यास १९८७ मध्ये छापून आला. ३९ छोटे छोटे प्रसंग, इथल्या मुलांना आणि मोठ्यांना विचारले, तेच शिकागोत विचारले. इथल्या आठ-दहा वर्षांच्या ब्राह्मण मुलांना सगळ्यांत गंभीर काय वाटलं माहितीये? वडील गेल्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलाने केस कापले आणि कोंबडी खाल्ली. शिकागोच्या मुलांना त्यात काही चूकच दिसेना. म्हणजे वर पाटीपेन्सिल यांनी जो गणवेश आणि मारणं असा भेद सांगितला तो सगळीकडे तितका सरळ नसतो. ज्या घरात सुतक पाळतात तिथल्या मुलाला गेलेल्या माणसालाही लागतं असं वाटतं.

पण मी हे सांगतोय ते दुसऱ्याच कारणासाठी. त्या ३९ मध्ये एक प्रसंग असा आहे. बाप मुलाला म्हणतो, परीक्षेत चांगले मार्क मिळवलेस तर पेन घेऊन देईन. मुलगा मिळवतो. बाप पेन देत नाही, त्या पैशांच्या सिगारेटी आणतो. आणि दिलेला शब्द मोडणं चूक, यावर भुवनेश्वर आणि शिकागो दोन्हीकडे एकमत होतं. जिथे जेवण, कपडे, सुतक, नवराबायको कशावरच पटत नव्हतं तिथे यावर पटलं.

तुमचा मुलगा गाडी मागत नाहीये हो. तो तुम्हाला सांगतोय की शब्द दिला होता. त्याच्यात बरंवाईट कुठून येतं असं तुम्ही विचारलं होतंत ना, ते हे आलंय बघा समोर.

ओसरी

कलिंग म्हणतात ते खरं आहे. दे गं त्याला. आणि सासूबाईंना सांग, मुलं विसरत नाहीत. मी एकाहत्तर वर्षांची झाले तरी एक न मिळालेलं परकर-पोलकं आठवतं मला.

चिंचबोर

आज संध्याकाळी त्याला घेऊन बसले. म्हटलं, तक्ता लावायची चूक माझी होती, तुझी नाही, तू तुझं काम नीट केलंस. उरलेले सहा तुला मिळवायची संधीच मी काढून घेतली, म्हणून गाडी तुझी. यापुढे घरात कामं असतील पण स्टार नसतील, आणि धाकट्याला अंघोळीनंतर पुसून कपडे घालायचे ते काम तुझं, मला त्या वेळी कुकर लावायचा असतो, तू नाही केलंस तर तो थंडीत उघडा बसेल. त्याने बराच विचार केला आणि विचारलं, "डायपर पण?" म्हटलं नाही, डायपर माझं.

गाडी आणली. कपडे घातले त्याने, उलटे घातले, बटणं मागे. मी काही बोलले नाही. धाकटा तसाच फिरतोय घरभर, आणि आत्ता दोघांची गाडीवरून जुंपलीय. पाटीपेन्सिल ताई, तुमचं ऐकून पाच मिनिटं लांबूनच बघत होते, आता रडण्याचा आवाज यायला लागलाय, जाते.